डावी बाजू बारीक

३ नोव्हेंबर, सोमवार

ही वही नववीतली विज्ञानाची हाय. पुढची एकवीस पानं भरलेली, मागची सगळी कोरी. म्हनून उलटी करून मागनं सुरू केली. माझं सगळंच मागनं सुरू हुतं.

मी अंजुम. वय सतरा. संगमनेरात आमचा गादीचा कारखाना हाय. कारखाना म्हनजे पत्र्याचं शेड, कापूस पिंजायचं एक मशीन आन आमी तिघं. अब्बा पिंजतात, अम्मी खोळी शिवते, मी गादीला टाके मारते. घरात आमी आमची मोडकी हिंदी बोलतो, पन लिहायला बसलं की मराठीच येतं, कारन शाळा मराठी हुती. नववीत सोडली. डोक्यात काही शिरतच न्हवतं. बाई पंधरा म्हनायच्या, मी पन्नास लिहायचे. गंमत म्हनजे कोरोनात मोबाईलवर शाळा भरायची तेव्हा मी हुशार हुते. परत वर्गात जाऊन बसले आन ढ झाले. बहुतेक मला बाकडं लाभत न्हाई.

मग मी बोलनंच बंद केलं. बोललंच न्हाई तर चूक कुनाला दिसत न्हाई, हा माझा शोध. पाव्हने म्हनतात, खाजाभाईची पोरगी लई लाजाळू. लाजाळूपनाचं एक तंत्र मला जमलंय. समोरचा बोलला की हसायचं आन मान हलवायची. दहातल्या आठ वेळा भागतं. परवा लग्नात एका खालानं, म्हनजे मावशीनं, काहीतरी विचारलं, मी हसून म्हनले, "व्हय, लई चांगलं झालंय." ती इचारत हुती, तुझ्या दादीची तब्येत कशी हाय. दादी वारून सहा महिने झाले.

आज फैयाज मामू आला. अम्मीचा धाकटा भाऊ. बस स्टँडकडं त्याचं मोबाईल रिपेरिंगचं दुकान हाय. अब्बांना म्हनला, "दुल्हेभाई, अंजूला माझ्याकडं धाडा."

अब्बांनी कानातला कापूस काढला. "काय?"

मामूनं परत सांगितलं. मशीन चालू असलं की आमच्या शेडात सगळ्यांच्या कानात बोळे. बोलायचं असलं की काढायचे, झालं की नवीन घालायचे. कापसाला काय आमच्याकडं तोटा न्हाई.

"ती काय करनार तुझ्या दुकानात?" अब्बा म्हनले. "गिऱ्हाईक आलं की स्टुलाखाली बसंल."

"बोलायचं कामच न्हाई. नुसतं ऐकायचं हाय. ही बोलत न्हाई म्हनजे ऐकत असनार."

मी हसले आन मान हलवली.

४ नोव्हेंबर, मंगळवार

काम असं हाय. मामू जुने रेडिओ, टेप, वॉकमन भंगारातून आनतो, पुसतो, दुरुस्त करतो आन मोबाईलवरनं हौशी लोकांना इकतो. ही हौशी मानसं एक नंबर किचकट. रंग कसा, झाकन कसं, आवाज कसा, सगळं लिहून मागतात. मामूला एवढा दम न्हाई. त्याचं स्वतःचं म्हननं, "मी दिवसभर रिंगटोन ऐकतो. माझे कान कामातनं गेलेत." म्हनून आवाज मी ऐकायचा आन रिपोर्ट लिहायचा. हा महिना आन पुढचा अर्धा मी ट्रायलवर. जमलं तर कायम. न्हाई जमलं तर परत सुई-दोरा.

आज एक सीडी प्लेअर आला. खिशात मावत न्हाई तरी त्याला खिशातला म्हनतात. गोल, चपटा, चांदीच्या रंगाचा, बिस्किटाच्या डब्याच्या झाकनावानी. दोन पेन्सिल सेलवर चालतो. जपानी हाय. तो घेऊन आले मच्छिंद्र तात्या. तात्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर हुते, रिटायर झालेत. उसाच्या गाड्या मोजायचे. फेट्यासारखा ताठ मानूस.

"फैयाज," ते म्हनले, "तीस वर्सं माझ्या काट्यावर एक किलो हिकडचं तिकडं झालं न्हाई. ह्याचा आवाज पन तसाच हाय. दोन्हीकडं बरोबर. तसंच लिहायचं."

"लिहू की तात्या. ही माझी भाची ऐकून लिहिनार."

तात्यांनी मला काहीतरी इचारलं. मी हसले, मान हलवली. तात्या मामूला म्हनले, "पोरगी मुकी हाय का?"

हे मात्र मला नीट ऐकू आलं. नको ते सगळं नीट ऐकू येतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पुन्याचं एक गिऱ्हाईक लागलंय. कल्याण नावाचा मानूस. मोबाईलवर त्यानं लिहिलं, "साउंड वॉर्म आहे का?"

मी अर्धा तास प्लेअर चालवला. दर पाच मिनिटांनी हात लावून बघितला. मग लिहिलं, "न्हाई. थंडच हाय. सेलपाशी थोडा कोमट."

त्यानं हसनारी सात तोंडं पाठवली. मग इचारलं, "आणि बेस?"

मी लिहिलं, "बेस हाय."

"किती?"

आता बेस हाय म्हनजे बेस हाय, चांगलं हाय, त्यात किती काय? मी लिहिलं, "एकदम बेस." तो म्हनला, वा.

संध्याकाळी मामूनं सांगितलं की बेस म्हनजे आवाजातला जाड भाग आन वॉर्म म्हनजे ऐकायला गोड. मग तो स्टुलावर बसून डोळ्यांतनं पानी येईस्तोवर हसला. मी पन हसले. मान बी हलवली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

ऐकायला दुकानात एकच नमुन्याची सीडी हाय. वीस-पंचवीस पडल्यात, सगळ्या त्याच. मामू पोरगा हुता तेव्हा शूटिंगवाल्याकडं कामाला जायचा. तेव्हा त्यानं आमच्या मोहल्ल्यातल्या उरसाची कव्वाली रेकॉर्ड केली. दोन माईक लावले, एक गानाऱ्यांकडं, एक लोकांकडं. सीड्या काढल्या आन एक बी खपली न्हाई. का न्हाई खपली ते सांगत न्हाई.

हेडफोनवरची डावी-उजवीची अक्षरं पुसलीत. मामूनं डाव्या वायरीला निळी टेप मारलीय.

मी आठ दिवस तीच कव्वाली ऐकतेय. पन लिहायचं कसं? कल्याणचे इंग्रजी शब्द माझ्या तोंडात बसत न्हाईत. मग सुचलं, मला आवाजातलं कळत न्हाई पन कापसातलं कळतं. अब्बांनी शिकवलंय. कापूस मुठीत दाबायचा आन सोडायचा. परत फुगला तर चांगला. वढून बघायचा, धागा लांब का तोकडा. बोटांनी चाचपायचा, गाठी हायेत का. मग मी तसाच आवाज चाचपला आन लिहिलं:

"गानाऱ्याचा आवाज लांब धाग्याचा हाय, वढला तरी तुटत न्हाई. पेटी मुठीतनं सोडल्यावर फुगते. टाळ्या सुट्या, गाठी न्हाईत. झाकन जोरात लावलं तर एकदा अडकतो, मग आपला आपन चालतो. ढोलकी लई लांब, पलीकडच्या गल्लीत वाजल्यावानी. डावी बाजू बारीक. गादीत एका अंगाला कमी भरलं की मानूस कलंडतो, तसं ऐकताना कलंडायला हुतं."

मामू म्हनला, "हा रिपोर्ट हाय का खुळेपना?" तरी पाठवला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कल्याणचा आवाज आला मोबाईलवर. मामूनं स्पीकरवर लावला. "इतक्या वर्षांत मला कुणी असं लिहून पाठवलं नाही. या ज्या कुणी बाई आहेत, त्यांचा कान विलक्षण आहे."

बाई! मी!

त्यांचा कान विलक्षण आहे. त्यांचा कान विलक्षण आहे. (दोनदा लिहिलं. जागा हाय.)

१९ नोव्हेंबर, बुधवार

तात्या दुकानात आले ते वाऱ्यासारखे. मी टीव्हीच्या खोक्यामागं बसले.

"डावी बाजू बारीक? कोन म्हनतं?"

"तात्या, बसा. चहा सांगतो."

"चहा नको. माझ्या जिनसेला बारीक म्हनली ती पोरगी कुठं हाय?"

"ती... बाहेर गेलीय."

"मग खोक्यामागं ओढनी कुनाची हाय?"

मी बाहेर आले. तात्या माझ्या बाजूच्या खुर्चीत बसून बराच वेळ बोलले. मी समोर बघत हुते, कारन त्यांच्याकडं बघायची हिंमत न्हवती. थोडं थोडं कळलं, काटा, वजन, इमान असं काहीतरी. शेवटी ते उठले. "एवढं इचारलं, एका शब्दाचं उत्तर न्हाई. गुर्मी बघा!"

मला गुर्मी! पाव्हने जमले की मी खोळींच्या ढिगात लपते, आन मला गुर्मी.

मामूनं प्लेअर खोलला, साफ केला, नवीन वायर जोडली. स्वतः ऐकला. "मला तर दोन्हीकडं सारखंच वाटतंय. पन माझं काय." मग मी ऐकला. डावी बाजू बारीकच. मी बोट वर करून सांगितलं, बारीक.

किंमत थोडी कमी करा, असं कल्याणनं सुचवलं. तात्या म्हनले, "प्रश्न पैशाचा न्हाई. फुकट देईन. पन बारीक हाय असं लिहून देनार न्हाई. खोटं वजन मी कधी लिहिलं न्हाई."

२५ नोव्हेंबर, मंगळवार

अजून तीन जुने वॉकमन आले. दुकानातली जुनी कॅसेट घालून तिन्ही ऐकले. तिन्हींची डावी बाजू बारीक.

माझा अंदाज असा. कंपन्या डावीकडं माल कमी घालत असनार. गादीवाले पायाकडं घालतात तसा. अब्बा घालत न्हाईत, पन पेठेतले घालतात. लोक पायाकडं कुठं लक्ष देतात? तसंच डावीकडं कोन ऐकतंय बारकाईनं? मी ऐकते. बाईंचा कान विलक्षण आहे.

हे मी मामूला सांगितलं, चक्क तोंडानं. त्यानं हातातला पेचकस खाली ठेवला. म्हनला, "जपानपासून सगळ्यांनी ठरवून?" मी म्हनले, व्हय.

१ डिसेंबर, सोमवार

ठरलं. कल्याण १४ तारखेला, रविवारी, भंडारदऱ्याला चाललाय. वाटेत दुकानात थांबून स्वतः ऐकनार. तात्यांना पन बोलावलंय. मामूनं मला समोर बसवलं.

"बघ अंजू. तू बरोबर निघालीस तर दुकानाच्या पाटीवर लिहितो, आवाज तपासून मिळेल. खाली तुझं नाव. पन चुकलीस तर तात्याची माफी मागायची. तोंडानं. समोर उभं राहून. आन मग घरी. भंगारवाल्याचा शब्द खोटा ठरला की धंदा संपला."

मी मान हलवली. ह्या वेळी खरंच समजून हलवली.

पाटी नको मला. नाव पन नको. पन हे काम सुटायला नको. शेडात मी टाके मारते ते कुनी बी मारंल. इथं पहिल्यांदा कुनीतरी म्हनलं की हिला इचारा.

७ डिसेंबर, रविवार

माफी मागायची वेळ आली तर काय बोलायचं त्याची आंघोळ करताना तालीम केली. "तात्या, माझी चूक झाली." बादलीला सांगितलं. बादलीपुढं पन आवाज फुटंना.

बरोबरच हाय माझं. डावी बाजू बारीकच हाय. काळजी कशाला करायची?

१० डिसेंबर, बुधवार

आज अजबच झालं.

हेडफोनचा स्पंज फाटला म्हनून प्लेअर घरी आनला. कापसाच्या दोन चकत्या करून, वरून खोळीचं मऊ कापड लावून नवीन गाद्या शिवल्या. कानाच्या गाद्या. लई छान झाल्या. मग दुपारी लावून बघितलं तर चुकून उलटा लावला, निळी टेप उजवीकडं आली. म्हनजे आता उजवीकडं बारीक यायला पाहिजे. हो की न्हाई?

डावीकडंच बारीक.

उजवीकडं लोकांचा नुसता गलका, पन माझं ध्यान तिकडं न्हवतंच. परत सरळ लावला. डावीकडं बारीक. परत उलटा. डावीकडं. बारीकपना काही टेपबरोबर हालत न्हाई, जागा धरून बसलाय. मग वाटलं, आपल्या घराच्या डाव्या अंगालाच काही असंल. म्हनून मी उठून दाराकडं तोंड करून बसले, भिंत बदलली. तरी डावीकडंच. मग मोरीकडं तोंड केलं. सीडीतले कव्वाल माझ्याभोवती फिरून दमले असतील, पन डाव्या अंगाला काय बोलंनात.

डोकं चाललं न्हाई. नववी नापास डोकं, किती चालनार? एवढंच कळलं की रविवारी मी मरनार.

वर बघितलं तर अब्बा उभे. शेडातलं मशीन बंद हुतं, ते कधी आले कळलं न्हाई. म्हनले, "तीन हाका मारल्या." मी म्हनले, हेडफोन हुता. ते म्हनले, "हेडफोन काढून ठेवल्यावर मारल्या." मग ते माझ्या मागनं फिरून दुसऱ्या बाजूला आले आन हळू म्हनले, "अंजू." मी म्हनले, काय?

 नुसतं म्हनले, "उद्या सकाळी चल माझ्यासंगं." उद्या कापूस आनायचा असंल. एवढ्या टेन्शनात कापूस!

११ डिसेंबर, गुरुवार

कापूसच आनला. पन कुठनं ते लिहिते.

अब्बांनी मला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. मला वाटलं अब्बांनाच दाखवायचंय. नंबर लावताना पेशंटचं नाव इचारलं तर अब्बा म्हनले, "अंजुम." मी मागं वळून बघितलं, दुसरी कोन अंजुम हाय म्हनून.

डॉक्टर बाईंनी उजव्या कानात दिवा घालून बघितलं. "छान." डाव्या कानात दोनदा बघितलं. मग म्हनल्या, "कधीपासून ऐकू येत नाही?"

मी हसले आन मान हलवली.

"अगं, कधीपासून?"

मी म्हनले, "येतं की. थोडं कमी येत असंल."

त्यांनी आधी औषध टाकलं, मग बारीक चिमटा घेतला. कानात कुनीतरी पत्रा वढतंय असं वाटलं. मी अब्बांचा हात धरला. मग फट्कन काहीतरी सुटलं आन ट्रेमधे पडलं. ते पडल्याचा आवाज मला ऐकू आला. डावीकडनं.

काळं-तपकिरी, बोराएवढं. डॉक्टर बाई म्हनल्या, "हा बोळा आहे. कापसाचा. मळ आणि तेल बसून दगड झालाय." तेल अम्मीचं. दर हिवाळ्यात कान खाजतो म्हनले की ती कोमट तेल घालायची.

अब्बा खाली वाकले. बोळ्याच्या आतला पांढरा भाग दिसत हुता. डॉक्टर बाई नको नको म्हनेस्तोवर त्यांनी तो दोन बोटांत धरला, जरासा वढला, चोळला. दुकानात चोळतात तसाच.

"लांब धाग्याचा हाय," ते म्हनले. "हा गुजरातचा माल. मशीन आनलं त्या वर्सी घेतला हुता, तेवढा एकदाच. नंतर परवडला न्हाई."

"कुठलं वर्ष?" डॉक्टर बाईंनी इचारलं.

"पोरगी सहावीत हुती."

डॉक्टर बाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवला. म्हनल्या, "नशीब, पडदा शाबूत आहे. थोडी सूज आहे, थेंब देते. पंधरा दिवसांनी तपासणी करू." मग अब्बांना म्हनल्या, "कानात कापूस घालायचा नाही. कुणीच."

अब्बा म्हनले, "व्हय." त्यांचा आवाज जाड हाय. बेस हाय. मला म्हाईत न्हवतं.

बाहेर आलो तर संगमनेर एवढं वरडत हुतं! डावीकडनं एक रिक्षा आली, मी अब्बांना जाऊन धडकले. एक बाई भाजीवाल्याशी भांडत हुती ते मला तिच्याकडं पाठ करून कळत हुतं. आमी रसवंतीच्या बाकड्यावर बसलो. अब्बा डावीकडं बसले.  मग रस्त्याकडंच बघत, हळू, जवळजवळ तोंडातल्या तोंडात म्हनले, "अंजू."

मी म्हनले, काय अब्बा?

त्यांनी पटकन रुमाल काढला आन चष्मा पुसायला लागले. चष्मा काढलाच न्हवता, वरच्यावरच पुसत हुते.

१२ डिसेंबर, शुक्रवार

अम्मी काल रडली, आज तेलाची बाटली फेकून दिली, मग परत आनली, भजी तळायला लागते म्हनून.

मला आता कळलं की माझा कान विलक्षण आहे ते कल्याणनं बरोबर वळखलं. तेवढा विलक्षण कान संगमनेर तालुक्यात दुसरा निघायचा न्हाई.

मामूला सांगितलं. तो हसंल असं वाटलं हुतं. हसला न्हाई. म्हनला, "म्हनजे तात्याचं बरोबर."

"व्हय."

"रविवारी माफी."

"व्हय."

"आन ते तीन वॉकमन? जपानचे?"

मग हसला. स्टुलावरनं पडला.

थेंब टाकून झाल्यावर कव्वाली लावली. ती पलीकडच्या गल्लीतली ढोलकी उठून माझ्या खांद्याशी येऊन बसली. डाव्या बाजूला अख्खा मोहल्ला बसलाय. कुनी खोकतंय, कुनी पोराला गप करतंय, कुनी चहा आला का इचारतंय. आन एक मानूस पहिल्यापासून शेवटपर्यंत कव्वालाबरोबर गातोय. जोरात. बेसूर. कव्वाल थांबला तरी हा थांबत न्हाई. सव्वा महिना मी ही सीडी ऐकतेय, परवा हेडफोन उलटा लावला तेव्हा पन नुसता गलकाच वाटला, आन हा एवढा मोठा मानूस मला म्हाईतच न्हाई.

मी मामूला इचारलं, "हा कोन?"

"वळखला न्हाईस? दुल्हेभाई. माझ्या माईकसमोरच मांडी घालून बसले हुते. सांगून सांगून दमलो, मागं सरका. म्हनून तर एक सीडी खपली न्हाई!"

"अब्बा गातात?"

"गायचे. तू शाळेत असायचीस तेव्हा, हातानं पिंजताना दिवसभर. मशीन आल्यावर कोन गातंय? आन ऐकनार कोन, सगळ्यांच्या कानात बोळे."

१४ डिसेंबर, रविवार

झालं एकदाचं.

कल्याण आला. मला वाटलं हुतं मोठा साहेब असंल, तर हा टोपीवाला, पोट सुटलेला, लाजाळू मानूस. माझ्यापेक्षा जास्त लाजतो. त्यानं माझ्याकडं न बघता नमस्कार केला, मी त्याच्याकडं न बघता केला.

तात्या इस्त्रीचा सदरा घालून आलेले. कल्याणनं हेडफोन लावला आन डोळे मिटले. मामूनं मला डोळ्यानं इशारा केला. म्हनजे आता.

मी उभी राहिले. बादलीपुढं पाठ केलेलं सगळं गेलं.  मी म्हनले, "तात्या, डावी बाजू भरलेली हाय. बारीक मी हुते."

"आं?" तात्या म्हनले. "जरा मोठ्यानं. मला कमी ऐकू येतं हल्ली."

देवा रे. परत सगळं सांगितलं, मोठ्यानं. बोळा, तेल, सहावी, तीन वॉकमन, सगळं. शेजारचा झेरॉक्सवाला पन ऐकायला आला. शेवटी म्हनले, "त्या दिवशी तुमी डावीकडं बसला हुता. मला गुर्मी न्हाई. ऐकूच आलं न्हवतं."

   मग तात्या म्हनले, "पोरी, काट्यावर गाडी घ्यायच्या आधी काय करतात म्हाईत हाय? रिकामा काटा बघतात. शून्यावर हाय का."

"आता बघीन," मी म्हनले.

त्यांनी मला जवळ बोलावलं आन हळू म्हनले, "माझा बी एकदा शून्यावर न्हवता. आठ दिवस. मागनं दुरुस्त केलं, पन कुनाला बोललो न्हाई. तू बोललीस." आन मग, "हे कुनाला सांगू नको."

मी कुनाला सांगितलेलं न्हाई. वही म्हनजे कुनी न्हवं.

कल्याणनं डोळे उघडले तेव्हा त्याला काही म्हाईत न्हवतं, हेडफोन कानावर हुता. म्हनला, "दोन्हीकडं उत्तम आहे हो. फक्त डावीकडं एक गृहस्थ फार बेसूर गातात."

प्लेअर त्यानं ठरवला. परवा भंडारदऱ्याहून परतताना नेनार. जाताना इचारलं, कानाच्या गाद्या कुनी शिवल्या, तशा अजून मिळतील का. मामू माझ्याआधी म्हनला, "मिळतील." मग मला म्हनला, "उद्यापासनं ते तीन वॉकमन परत ऐक. त्यांची पन माफी माग. ट्रायल अजून महिनाभर."

पाटीचं काही बोलला न्हाई. बेस झालं.

१५ डिसेंबर, सोमवार

दुपारी सहज वही सरळ करून पुढची एकवीस पानं बघितली. नववीचं विज्ञान. शेवटचा धडा ध्वनीचा हाय. बाई सांगायच्या, मी लिहायचे. "ध्वनीला जाण्यासाठी — (काय?) लागते." "आवाज आदळून परत येतो त्याला — (काय?) म्हणतात." पानभर कंसातले काय. मला वाटायचं मी फक्त पंधरा-पन्नासच चुकते. अश्विनी माझ्या शेजारी बसायची, ती आता बारावी सायन्सला हाय. तिला गाठून एकदा हे कंस भरून घेते. अर्धवट पान बघवत न्हाई, टाका सुटल्यावानी वाटतं.

मग प्लेअर घेऊन शेडात गेले. उद्या तो जानार. अब्बांनी मशीन बंद केलं. त्यांच्या कानात आता बोळे न्हाईत, मामूनं विमानतळावरच्या मानसांसारखे मोठे पिवळे कानझाकन आनून दिलेत. ते काढून मी त्यांना हेडफोन घातला. निळी टेप डावीकडं, दोनदा बघून.

कव्वाली सुरू झाली. अब्बा कापसाच्या ढिगावर बसून ऐकत हुते, डोळे खाली. थोड्या वेळानं त्यांची भुवई हलली. मग दुसरी. मग कानाची पाळी लाल झाली. मला कळलं, तो मानूस आला.

अख्खी कव्वाली ऐकून झाल्यावर त्यांनी हेडफोन काढला आन मांडीवर ठेवून दाबून बघितला, गादी बघतात तसा.

"कसा हाय आवाज?" मी इचारलं.

"बरा हाय," अब्बा म्हनले. "डावीकडं जरा जास्तच भरलंय. थोडं काढायला पाहिजे."

मी म्हनले, "राहू द्या अब्बा. वापरात बसंल हळूहळू."